डॅफ्नियाचे हृदय आणि २५ अंशांनंतर वाकणारा आलेख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एक डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारीक पारदर्शक कवचधारी प्राणी, काचपट्टीवरच्या थेंबात ठेवला आणि १० अंश सेल्सिअसपासून टप्प्याटप्प्याने ३५ पर्यंत तापवत नेला. प्रत्येक टप्प्यावर सूक्ष्मदर्शकातून बघत, दर ठोक्याला कागदावर एक ठिपका देत पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणले. मिनिटाला १० अंशांवर १२०, २० वर २२८, २५ वर २६४, ३० वर २६८ आणि ३५ वर १९२ असे आकडे आले. शीतरक्ती प्राण्यांची हृदयगती तापमानाबरोबर वाढते असे वाचले होते, मग आलेख २५ नंतर आडवा का झाला आणि शेवटी खाली का आला? आणि प्रयोग पुन्हा करायचा तर कसा करावा?

तुमच्या आकड्यांवरूनच सुरुवात करतो, कारण ते बरेच काही सांगतात. १० ते २० अंशांत गती १.९ पट झाली. २० ते ३० मध्ये ती जेमतेम १.१८ पट झाली. एवढा मोठा फरक दिसला की मी आधी प्राण्याकडे नाही, मोजणीकडे बघतो. २६८ ठोके मिनिटाला म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार. डोळ्यांनी ठोका पाहून हाताने ठिपका द्यायचा, तर बहुतेक माणसांची धाव सेकंदाला चार-पाच ठिपक्यांपर्यंतच असते. त्यापुढे हात आपल्याच लयीत चालतो आणि मधले ठोके नकळत गळतात. २० अंशांपर्यंतचीच चाल पुढे राहिली असती, तर २५ वर सुमारे ३१४ आणि ३० वर सुमारे ४३० ठोके यायला हवे होते, म्हणजे सेकंदाला सातच्या वर. ते ठिपक्यांनी मोजणे कुणालाच शक्य नाही. तुमच्या आलेखाचा आडवा भाग बव्हंशी हाताची मर्यादा दाखवतो, असे माझे मत आहे.

३५ वरची घसरण मात्र वेगळी आहे. तिथे आकडा मोजता येण्याच्या पल्ल्यात परत आला आहे, म्हणजे काहीतरी खरेच मंदावले. पण ते ३५ अंशांमुळे, की तोवर तो प्राणी बराच वेळ दिव्याखाली, कमी होत जाणाऱ्या पाण्यात आणि प्राणवायूत अडकून पडल्यामुळे, हे तुमच्या मांडणीतून कधीच कळणार नाही. तुमच्या प्रयोगात तापमान आणि वेळ बरोबरीने चढत गेले. जिथे तापमान सर्वांत जास्त, तिथेच थकवाही सर्वांत जास्त. या दोघांना एकमेकांपासून सोडवणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे, आणि पुढचे बहुतेक सगळे त्याविषयीच आहे.

पण आधी तापमानाने हृदय वेगाने का चालते ते पाहू, म्हणजे कोणत्या आकड्यांची अपेक्षा धरायची ते ठरेल.

डॅफ्नियाचे हृदय स्नायूजन्य आहे, म्हणजे ठोक्याची सुरुवात हृदयाच्या स्नायूतच होते. बेडकातही तसेच, तिथे सायनस व्हिनोसस हा भाग ताल धरतो. उलट खेकडा, लॉब्स्टर यांच्या हृदयावर चेतापेशींची एक छोटी गाठ बसलेली असते आणि ठोका तिच्याकडून येतो. लॉब्स्टरमध्ये या गाठीत अवघ्या नऊ चेतापेशी असतात. ताल कुठेही जन्मो, तो धरणाऱ्या पेशींत दोन ठोक्यांच्या मधल्या काळात पेशीपटलावरचा विद्युतदाब हळूहळू चढत जातो आणि एका उंबरठ्याला पोचला की ठोका सुटतो. हा चढ किती तीव्र, त्यावर पुढचा ठोका किती लवकर, हे ठरते. चढ घडवतात त्या आयन मार्गिका, म्हणजे पेशीपटलातली प्रथिनांची दारे. ही दारे उघडण्या-मिटण्यासाठी प्रथिनाला आपला आकार बदलावा लागतो, आणि त्या बदलाचा वेग तापमानावर फार अवलंबून असतो. १० अंशांच्या वाढीने दारांच्या हालचालीचा वेग सर्वसाधारणपणे दोन ते चार पट होतो. उघड्या दारातून आयन वाहण्याचा वेग मात्र १.३ ते १.५ पटच वाढतो, कारण ते बरेचसे साध्या विसरणासारखे आहे. शिवाय प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियम परत कोठारात भरणारे पंप आहेत, त्यांना एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जा वाहून नेणारे रेणू, पुरवणारी विकरे आहेत. या सगळ्यांचा मेळ म्हणजे आपण मोजतो ती हृदयगती.

१० अंशांच्या वाढीने एखादा वेग किती पट होतो, त्या आकड्याला क्यू-१० म्हणतात. व्हान्ट हॉफ यांनी १८८४ मध्ये रासायनिक क्रियांबद्दल हा दोन-तीन पटींचा ठोकताळा मांडला आणि १८८९ मध्ये आर्‍हेनियस यांनी त्यामागचे गणित दिले. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात, म्हणून जरा थांबतो. १० अंशांवरून २० अंशांवर गेलो म्हणजे तापमान दुप्पट झाले, म्हणून ठोकेही दुप्पट, असे लिहिलेले मी पुष्कळ नोंदवह्यांत पाहिले आहे. सेल्सिअसचा शून्य हा पाणी गोठण्याचा बिंदू आहे, उष्णतेचा शून्य नव्हे. केल्विनमध्ये तीच वाढ २८३ वरून २९३, म्हणजे फक्त साडेतीन टक्के. मग साडेतीन टक्क्यांच्या वाढीने वेग दुप्पट कसा होतो? कारण क्रिया घडण्यासाठी रेणूकडे एका किमान मर्यादेहून जास्त ऊर्जा असावी लागते. कोणत्याही क्षणी अशी ऊर्जा असलेले रेणू अगदी थोडे असतात. सरासरी ऊर्जा थोडीशी सरकली, तरी मर्यादेपलीकडच्या त्या मूठभर रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. ही किमान मर्यादा म्हणजे सक्रियण ऊर्जा. ती मोलमागे सुमारे ५० किलोज्यूल धरली, तर २० अंशांच्या आसपास क्यू-१० जवळजवळ २ येतो. तुमचा १.९ हा आकडा या चौकटीत चांगला बसतो, म्हणून तुमच्या आलेखाचा पहिला भाग मला विश्वासार्ह वाटतो.

क्यू-१० काढताना दोन तापमानांतले अंतर बरोबर १० नसेल, तर नुसता भागाकार चालत नाही. सूत्र असे: जास्त तापमानाच्या गतीला कमी तापमानाच्या गतीने भागा आणि आलेल्या संख्येचा १० भागिले तापमानांतला फरक इतका घात घ्या. समजा १५ अंशांवर १६४ आणि २२ अंशांवर २६० ठोके मिळाले. भागाकार १.५९. फरक ७ अंशांचा, म्हणून घात १.४३. उत्तर १.९३. इथे १.५९ लिहून मोकळे झाले, तर त्या प्राण्याचे हृदय तापमानाला फारसे जुमानत नाही असा भलताच निष्कर्ष निघेल. आणि संपूर्ण पल्ल्यासाठी एकच क्यू-१० देऊ नका. तो थंड पल्ल्यात वेगळा आणि उष्ण पल्ल्यात वेगळा असतो. कुठे बदलतो, तेच तर पाहायचे आहे. त्यासाठी गतीचा नैसर्गिक लॉगॅरिदम उभ्या अक्षावर आणि केल्विन तापमानाचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. जोपर्यंत बिंदू सरळ रेषेत आहेत, तोपर्यंत तापमान आपले नेहमीचे काम करत आहे. रेषा जिथे मोडते, तिथे काहीतरी दुसरे आड आले. माशांच्या हृदयांचा अभ्यास करणारे या मोडीचे तापमान मुद्दाम शोधतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. सर्वांत आधी, आपण हृदयच मोजतो आहोत ना याची खात्री करा. डॅफ्निया आडवा पडला की पोटाकडच्या बाजूला छातीचे पाय सतत फडफडताना दिसतात. ते पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यांचाही वेग भरपूर असतो, त्यांच्यावरही तापमानाचा परिणाम होतो, आणि नवख्या डोळ्याला तेच हृदय वाटतात. हृदय पाठीच्या बाजूला असते: डोक्याच्या मागे, आतड्याच्या वर, अंडी असलेल्या कोशाच्या पुढे, एक छोटी पारदर्शक पिशवी. आतडे हिरवट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे ते आधी शोधा आणि तिथून पाठीकडे जा. चाळीस पट मोठे दिसले तरी पुरते.

प्राणी स्थिर ठेवायला कापसाचे चार-दोन तंतू पुरेसे होतात. पेट्रीडिशच्या तळाला व्हॅसलिनचा बारीक ठिपका लावून त्याला कवचाची मागची कड टेकवली तर आणखी चांगले, पाय आणि शुंगिका मोकळ्या राहतात. भूल देणारी द्रव्ये वापरू नका. ती हृदयाचीच गती बदलतात. पाणी घट्ट करणारे पदार्थही या प्रयोगात नकोत, कारण पायांची हालचाल अडली की प्राणवायूचा पुरवठाही अडतो.

काचपट्टीवरचा थेंब मात्र सोडाच. थेंबाला स्वतःची अशी उष्णता जवळजवळ नसतेच. १० अंशांच्या बीकरमधून काढलेला थेंब काचेवर टेकल्यापासून खोलीच्या तापमानाकडे निघतो, आणि खाली हॅलोजनचा दिवा असेल तर त्याच्याही पुढे जातो. तुम्ही बीकरचे तापमान लिहिता आणि मोजता वेगळ्याच तापमानाच्या हृदयाचे ठोके. यामुळे थंड टोकाचे आकडे फुगतात, उष्ण टोकाचे खाली येतात आणि क्यू-१० खोटा कमी निघतो. त्याऐवजी एक लहान डिश मोठ्या डिशमध्ये ठेवा. लहान डिशमध्ये प्राणी, मोठीत ठरावीक तापमानाचे पाणी खेळते राहील असे करा. दोन नळ्या आणि वॉटर बाथ असेल तर उत्तम, नसेल तर ड्रॉपरने पाणी काढत-घालत राहिले तरी निभते. दिवा एलईडीचा असावा आणि दोन मोजणींच्या मध्ये बंद ठेवावा. तापमान मोजायला बारीक तारेच्या थर्मोकपलचे टोक प्राण्याच्या शेजारी, त्याच पाण्यात बुडवा. दुरून मोजणारा इन्फ्रारेड तापमापी इथे उपयोगाचा नाही, तो पाण्याचा पृष्ठभाग किंवा काच वाचतो. डॅफ्निया दोन-तीन मिलिमीटरचा असल्याने त्याचे शरीर भोवतालच्या पाण्याच्या तापमानाला फार लवकर येते, पण हाताळल्याचा धक्का ओसरायला वेळ लागतो. म्हणून तापमान स्थिरावल्यावर पाच मिनिटे थांबा, मग लागोपाठ दोनदा मोजा, आणि दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जा.

मोजणी मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रीकरणाने करा. सेकंदाला २४० चौकटी असतील तर सेकंदाला सात ठोक्यांच्या हृदयालाही एका ठोक्याला तीसच्या वर चौकटी मिळतात. ३० चौकटींच्या साध्या चित्रफितीत चारच. काही फोन स्लो-मोशनचा आरंभ आणि शेवट नेहमीच्या वेगाने दाखवतात, त्यामुळे नुसत्या फितीच्या लांबीवरून वेळ काढू नका. भिंगातून घेतलेल्या चित्रात घड्याळ मावत नाही, म्हणून आधी त्याच फोनने, त्याच सेटिंगवर, चालत्या स्टॉपवॉचची फीत घेऊन किती सेकंद किती लांब होतात ते तपासा. फीत संगणकावर घेता आली तर इमेज-जे या मोफत प्रणालीत हृदयावर एक छोटा चौकोन आखून त्याच्या उजेडाचा चढउतार काढता येतो. दर ठोक्याला एक शिखर दिसते आणि ठोक्यांमधले अंतर किती समान आहे, हेही कळते. ते महत्त्वाचे आहे, कारण उष्णतेने बिघडणारे हृदय पुष्कळदा मंद होण्याआधी अनियमित होते. पंधरा सेकंदांच्या एकूण आकड्यात ही अनियमितता दिसतच नाही.

तापमानांचा क्रम हा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा भाग. प्रत्येक प्राण्याला सगळी तापमाने द्या, पण प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने, आणि तो क्रम चिठ्ठी टाकून ठरवा. सुरुवात मात्र नेहमी त्याच तापमानाने करा ज्याला तो प्राणी रुळलेला आहे, समजा २० अंश. शेवटीही पुन्हा २० वर आणा आणि मोजा. सुरुवातीला २२८ होते आणि शेवटी पुन्हा त्याच्या जवळपास आले, तर मधले आकडे वापरण्याजोगे आहेत. शेवटी १८० आले, तर प्राणी थकला किंवा दुखावला गेला आणि मधल्या कोणत्याही आकड्यावर डोळे झाकून विसंबता येणार नाही. तुमच्या ३५ अंशांच्या घसरणीचा उलगडा याच एका मोजणीने झाला असता. एकाच तापमानात एक प्राणी तितकाच वेळ ठेवून, तितक्याच वेळा मोजून पाहणे हेही करा. त्याची गती आपोआप घसरत असेल, तर ती घसरण वेळेची आहे.

वर चढताना आणि खाली उतरताना एकाच तापमानावर वेगळे आकडे येतात का, हेही पाहा. जॉर्ज बार्थोलोम्यू आणि रॉबर्ट लासिएव्स्की यांनी १९६५ मध्ये गालापागोस बेटांवरच्या सागरी इग्वानाबद्दल एक सुंदर निरीक्षण प्रसिद्ध केले. शरीराचे तापमान तेच असले, तरी ऊन घेऊन तापताना त्याचे हृदय जलद चालते आणि थंड होताना मंद. थंडगार समुद्रात चरून आलेल्या या सरड्याला खडकावर लवकर तापायचे असते, म्हणून तो कातडीकडे रक्त जोराने पाठवतो. पाण्यात शिरल्यावर तोच प्रवाह आखडून उष्णता टिकवतो. म्हणजे हृदयाची गती हा त्याच्यासाठी तापमानाचा निव्वळ परिणाम राहिला नाही, तापमान हाताळण्याचे साधनही झाले. डॅफ्नियाचा देह इतका लहान आहे की त्याला उष्णता साठवणे शक्यच नाही. त्यामुळे तुमच्या प्रयोगात चढत्या आणि उतरत्या आकड्यांत फरक पडला, तर इग्वानाची गोष्ट त्याला लावू नका. तिथे एकतर तापमापी आणि प्राणी वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, किंवा प्राण्याला इजा झाली आहे.

प्राणवायूबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पाण्यातल्या प्राण्यावर तापमानाचा प्रयोग करताना तुम्ही नकळत दुसराही प्रयोग करत असता. हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात १० अंशांवर लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, २० अंशांवर ९.१ आणि ३० अंशांवर ७.६. म्हणजे १० ते ३० अंशांत गरज सुमारे चौपट होत असताना पुरवठा तिसऱ्या हिश्शाने घटतो. डॅफ्नियाचे हृदय प्राणवायू कमी पडला की वेग वाढवून भरपाई करते. त्यामुळे कोंदट डिशमध्ये उष्ण टोकाची वाढ अंशतः उष्णतेची आणि अंशतः गुदमरण्याची असू शकते. उपाय सोपा आहे: प्रत्येक तापमानाचे पाणी आधीच हवेचे बुडबुडे सोडून तयार ठेवा, डिशवर काच झाकू नका आणि मोजणीगणिक पाणी बदला. फिकट लालसर दिसणारे डॅफ्निया निवडू नका. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात वाढलेले डॅफ्निया हिमोग्लोबिन जास्त बनवतात, आणि त्यांचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे येईल.

समजा हे सगळे सांभाळले, चित्रफितीतून मोजले, पाणी ताजे ठेवले, आणि तरीही ३० च्या पुढे गती घसरली. मग ती खरी घसरण. तिचे कारण एकच नसते. मार्गिका आणि पंप यांचे वेग उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात, त्यामुळे त्यांचा मेळ बिघडतो. ताल धरणाऱ्या पेशी आणि आकुंचन पावणाऱ्या पेशी यांची जोड सुटते. एटीपीचा पुरवठा मागणीला पुरत नाही. माशांत आणखी एक अडचण आहे. त्यांच्या हृदयाच्या आतल्या स्पंजासारख्या भागाला प्राणवायू मिळतो तो सगळ्या शरीराने वापरून उरलेल्या शिरांतल्या रक्तातून. शरीराची मागणी वाढली की हृदयाच्या वाट्याला नेमका तेव्हाच कमी येतो. शिवाय ठोके वाढले म्हणजे रक्तप्रवाह तितकाच वाढला असेही नाही. दर ठोक्यामागे भरायला मिळणारा वेळ आखडतो, म्हणून एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त वाढत नाही, कधी घटतेही. कॅनडातल्या फ्रेझर नदीत अंडी घालायला परतणाऱ्या सॉकाय सामन माशांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे ठळकपणे दिसले. एकाच जातीचे, एकाच नदीत चढणारे मासे, पण ज्या कळपांचा प्रवास जास्त खडतर, त्यांची हृदये मोठी आणि प्राणवायू पुरवण्याची क्षमता जास्त. प्रत्येक कळपाचे सोयीचे तापमान त्याने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलेल्या पाण्याशी जुळणारे. नदी तापली की कोणता कळप वर पोचेल आणि कोणता वाटेत संपेल, हे हृदयाच्या या मर्यादेवर बऱ्याच अंशी ठरते. तुम्ही एका लहानशा डिशमध्ये जे मोजता आहात, त्याचे हे मोठे रूप आहे, म्हणूनच मोजणी नीट व्हावी असे मला मनापासून वाटते.

तरीही विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ती घसरण गाठण्याचा हट्ट धरू नका. मी ८ ते २८ अंशांचा पल्ला सुचवेन. त्यात पाच तापमाने घेतली तर क्यू-१० चांगला निघतो आणि प्राणी धडधाकट परत टाकीत जातो. तापमान एकदम उडी मारून बदलू नका, सावकाश सरकवा. बेडकाचे हृदय उघडून हाच प्रश्न विचारण्याची जुनी पद्धत मला आज समर्थनीय वाटत नाही. सायनस तापवला तर गती वाढते आणि फक्त निलय, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा कप्पा, तापवला तर वाढत नाही, हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. ते पुन्हा दाखवायला एक बेडूक मारण्याची गरज नाही. सूक्ष्मदर्शक नसेल तर पातळ शंखाची लहान पाणगोगलगाय घ्या, प्रखर उजेडात शंखातून तिचे हृदय दिसते. फिकट कातडीच्या काही अळ्यांच्या पाठीवर मधोमध मागून पुढे सरकणारी रक्तनलिकेची लाट दिसते, तीही मोजता येते. त्यांची गती डॅफ्नियाच्या मानाने बरीच कमी असल्याने ठिपक्यांची पद्धत तिथे चालून जाते.

किती प्राणी घ्यावेत? एकाच प्राण्यावर दहा वेळा मोजले म्हणजे दहा नोंदी झाल्या असे होत नाही. त्यातून त्या एका प्राण्याबद्दलची खात्री वाढते, डॅफ्नियांबद्दलची नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांतली हीच गफलत दाखवून दिली आणि तिला छद्म-पुनरावृत्ती असे नाव दिले. ती आजही सर्रास होते. दहा-बारा प्राणी घ्या, प्रत्येकाच्या एका तापमानावरच्या मोजण्यांची सरासरी म्हणजे एक नोंद धरा. मग सगळ्यांची सरासरी काढून त्यावरून एक क्यू-१० काढण्यापेक्षा प्रत्येक प्राण्याचा स्वतंत्र क्यू-१० काढा आणि ते शेजारी शेजारी मांडा. एखादा प्राणी मुळातच जलद हृदयाचा असतो, एखादा मंद. स्वतःच्याच आकड्याशी तुलना केली की हा फरक आड येत नाही. आकार सारखे ठेवा, आणि शक्यतो एकाच मादीपासून वाढवलेली पिल्ले वापरा. अनुकूल परिस्थितीत डॅफ्निया नराशिवाय प्रजनन करतो, त्यामुळे ती सगळी जनुकीयदृष्ट्या एकसारखी असतात. प्रयोगाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

फीत मोजणाऱ्याला ती कोणत्या तापमानाची आहे हे माहीत नसावे. फितींना सांकेतिक क्रमांक द्या आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा. उष्ण म्हणजे जास्त ठोके, ही अपेक्षा डोक्यात असली की शंकेचा ठोका आपोआप हव्या त्या बाजूला धरला जातो.

हे जमले की पुढचा प्रश्न मला याहूनही रोचक वाटतो. आतापर्यंत आपण पाहिले ते तापमानातल्या तात्कालिक बदलाचे उत्तर. पण थंड पाण्यात आठवडे काढलेला प्राणी तसाच राहतो का? पुष्कळ माशांत असे आढळते की थंड पाण्याला रुळलेल्या माशाची हृदयगती, त्याच तापमानावर मोजली तर, उबदार पाण्याला रुळलेल्या माशापेक्षा जास्त असते. थंडीने मंदावलेला वेग शरीर काही अंशी भरून काढते. ट्राउटसारख्या माशांत तर थंडीत निलयाचा आकारही वाढतो. म्हणूनच सर्व प्राणी प्रयोगाआधी एकाच तापमानात रुळवणे आवश्यक आहे, आणि म्हणूनच हीच गोष्ट मुद्दाम बदलून नवा प्रयोग करता येतो. एकाच मादीच्या पिल्लांचे दोन गट करा, एक १५ अंशांत आणि एक २५ अंशांत दोन-तीन आठवडे वाढवा, अन्न दोघांना मुबलक द्या. मग दोन्ही गटांना १५, २० आणि २५ वर मोजा. दोन रेषा एकमेकींवर पडतात, समांतर सरकतात की त्यांचा उतारच बदलतो, ते पाहा. गट जुळवताना वयाकडे नाही, आकाराकडे बघा: थंड पाण्यातली पिल्ले सावकाश वाढतात, आणि एकाच दिवशी जन्मलेली घेतलीत तर दोन तापमानांऐवजी दोन आकारांची तुलना होईल.